तांबेऱ्याचा संसार

माळव्याच्या गव्हाची पोळी आपल्या घरांत नित्याची आहे. परंतु त्याच गव्हाच्या काडीवर कधी कधी मांडला जाणारा दुसरा संसार आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो संसार तांबेऱ्याचा. आमचे हिंदी भाषक शेजारी त्यास 'गेरुआ' म्हणतात. १९४६-४७ साली मध्य भारतातील गव्हाची या रोगाने मोठी नासाडी केली होती.

गव्हावर असेतो या बुरशीस बीजाणू वाढविण्यासाठी विवाहाची गरज भासत नाही. विटकरी बीजाणूंची पूड वाऱ्यावर उडते, दुसऱ्या रोपावर रुजते आणि सुमारे दोन आठवड्यांत पुन्हा नवी पूड तयार होते. विवाह जुळतो तो दारुहळदीच्या कुळातील झुडपांवर. गहू आणि ही झुडपे यांचे नाते आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली सिद्ध केले. या बुरशीत नर-मादी नसतात. 'अधिक' आणि 'उणे' असे दोन पक्ष असतात. झुडपाच्या पानावरील बारीक कुप्यांतून गोड, चिकट रस पाझरतो. त्या रसाच्या आशेने आलेली माशी एका पक्षाचे बीज दुसऱ्याकडे पोहोचविते. माशीची ही मध्यस्थी कॅनडातील क्रेगी यांनी १९२७ साली उघडकीस आणली. अशा मीलनातून गुणांची नवी जुळणी होते आणि कालपर्यंत रोगास दाद न देणारा गहू उद्या बळी पडू शकतो. अमेरिकेने १९१८ पासून ही झुडपे उपटण्याची मोहीम हाती घेतली, ती वृथा नव्हे.

आपल्याकडील कथा निराळी. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले की, मैदानांतील उन्हाळ्यात हे बीजाणू तगत नाहीत. थंड डोंगराळ प्रदेशांत ते जगतात आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली येतात. दारुहळदीवर येथे ठपका ठेवता येत नाही.

मग विवाह नाही तर नवे वाणही नाही, असे मानावे काय? तसे नाही. गुणांत आकस्मिक बदल होतच असतात. शिवाय १९९८ साली युगांडात आढळलेल्या उग्र वाणाच्या दोन केंद्रकांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील जुन्या वाणाशी जुळते, हे २०१९ साली दिसून आले. दोन वाणांनी विवाहावाचूनच केंद्रकांची देवाणघेवाण केली होती!

इंदूरसारख्या ठिकाणी गव्हाच्या नव्या जाती सिद्ध करण्याचे काम कधी संपत नाही, त्याचे कारण हेच. गावाकडचा नातलग जुने बियाणे बदलतो, शेतात एकाऐवजी दोन-तीन जाती पेरतो, तेव्हा त्यास लहरी म्हणू नये. आपल्या पोळीची राखण तोच करीत असतो, असे आम्हांस वाटते.