तुमचं व्हिंटेज, आमचं भंगार

दोस्तहो, पुण्यात सध्या जुन्याला भाव आलाय. जुन्या माणसांना नाही, जुन्या वस्तूंना. जुना तांब्या, जुनी ट्रंक, जुना कंदील, गंजका बिस्किटाचा डबा. हॉटेलवाल्याला भिंतीवर आजोबाच्या काळातली जाहिरात पाहिजे, साबणवाल्याला वेष्टणावर आजी पाहिजे, तेलवाल्याला बाटलीमागे वाडा पाहिजे. मी फोटोग्राफी शिकते. माझ्या शिक्षणातलं निम्मं काम हेच. आज कारखान्यातून आलेली वस्तू स्टुडिओत मांडायची, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर बसून तो फोटो ऐंशी वर्षांनी म्हातारा करायचा. ह्याला व्हिंटेज म्हणतात. ह्या व्हिंटेजचं पोट फाडून आत काय भरलंय ते दाखवायचं आहे, म्हणून हा लेख.

हे व्हिंटेज येतं कुठून? मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून. बुधवारी आणि रविवारी तिथं जमिनीवर पोती अंथरून दुकानं लागतात. पोत्यावर कोण बसतं हे मला कुणी शिकवायला नको, माझा मामा बसतो. सोसायट्यांतून, वाड्यांतून, पाडलेल्या घरांतून जे बाहेर फेकलं जातं ते वेचणारे, विकत घेणारे, घासूनपुसून मांडणारे हात ह्या शहरात कुणाचे आहेत? 1993 साली पुण्यात कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली, तिच्यात सर्वांत जास्त कोण? दलित बाया. पुण्याचा भूतकाळ त्यांच्या डोक्यावरच्या बोचक्यातून जातो.

मामाकडून 180 रुपयांना घेतलेला पितळी तांब्या स्टुडिओत आला की सगळे त्याला 'हेरिटेज' म्हणतात. तांब्या तोच. पोत्यावर होता तोवर भंगार, सॉफ्टबॉक्सखाली आला की वारसा. रिक्षाच्या एका भाड्यात तांब्याची जात बदलली. मामाची बदलली नाही. तो आजही पोत्यावरच आहे आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पोत्याची चार टोकं धरून पळतो.

आता म्हातारं कसं करतात ते ऐका. फोटो उघडायचा, कर्व्ह घ्यायचा, कर्व्हचं खालचं टोक धरून वर ओढायचं. म्हणजे काय होतं? चित्रातला काळा काळा राहत नाही, राखाडी पडतो. व्हिंटेजची पहिली पायरी म्हणजे काळ्याला हाकलणं. मग उजळ भागात पिवळा ओतायचा, दाणे टाकायचे, कडा काळवंडायच्या, एखादी घडी, एखादा चहाचा डाग. संपलं. आणि ह्यात बहुतेक सगळं खोटं. ज्या सेपियाला ही मंडळी म्हातारपणाचा रंग समजतात तो मुळात आयुष्य वाढवण्याचा उपाय होता. फोटोतल्या चांदीचं रसायनानं चांदीच्या सल्फाइडमध्ये रूपांतर केलं की फोटो जास्त टिकायचा. आपल्याकडच्या 1920-30 च्या जाहिराती तर बहुतेक फोटो नव्हत्याच, चित्रकारांनी हातानं काढलेल्या होत्या. ह्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्याचा छापखाना होता. दगडावर एकेक रंग चढवून देवीदेवता छापल्या जायच्या. पुढं तसल्या छब्या कॅलेंडरांवर, आगपेट्यांवर, कापडाच्या गाठींच्या लेबलांवर आल्या. म्हणजे आमचे सर ज्याला 'जुन्या फोटोचा फील' म्हणतात तो जुन्या फोटोला कधी नव्हताच. तो आजच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात आहे. त्याला असा भूतकाळ पाहिजे ज्यात ऊन मऊ होतं, पितळ चकचकीत होतं आणि कुणी कुणाला शिवलं तरी भांडण नव्हतं.

होतं की नव्हतं? चला, साबणाचीच जाहिरात घेऊ. व्हिंटेजवाल्यांचा लाडका माल. 19 व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या पेअर्स साबणानं जाहिरातीत काळं पोर टबात घालून गोरं करून दाखवलं. 1899 च्या सुमाराला गोरा अ‍ॅडमिरल हात धुताना दाखवून साबण वाटणं हे गोऱ्या माणसाचं कर्तव्य असल्याचं जगाला सांगितलं. आपल्याकडे स्वदेशी आली, गोदरेजचा वनस्पती तेलाचा साबण आला. प्राण्याची चरबी नाही ही त्याची मोठी ओळख. स्वच्छतेच्या वडीत सोवळं मिसळूनच विक्री सुरू झाली. 1919 साली मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढला. 1975 साली फेअर अँड लव्हली आली आणि 'फेअर' हा शब्द नावातून पुसायला 2020 उजाडावं लागलं.

साबणाच्या जाहिरातीत वडीइतकीच दुसरी एक गोष्ट लागते. पाणी. नळ, घंगाळ, तळं, नदीकाठ, काहीतरी. मला विचारायचंय, पाणी कुणाचं? ज्या काळाचा पिवळेपणा तुम्ही माउसनं ओतता त्या काळात, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी बाबासाहेबांनी घेतलं म्हणून आमच्या माणसांची डोकी फुटली. नंतर तळं शुद्ध केलं. कशानं? साबणानं नाही, गाईच्या शेणामुतानं. त्या पाण्यावर आपला हक्क आहे हे मुंबई हायकोर्टानं शेवटचं सांगेपर्यंत 1937 साल आलं. पुण्यात ऑक्टोबर 1929 मध्ये पर्वतीच्या देवळात जायला निघालेल्यांवर दगड पडले. तुमच्या व्हिंटेज जाहिरातीतली ती नऊवारीतली बाई घंगाळात हात घालून हसते आहे ना, तिच्या वाड्याच्या मागच्या दारी उभी राहून कुणीतरी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलत होतं. कॅमेरा मागच्या दारी कधी गेला नाही. आता गेला तर लगेच कॉम्प्युटर उघडून दार बुजवता येतं.

तसा आमच्याकडे कॅमेरा आलाच नाही असं नाही. आला, पण मोजायला आला. 1868 ते 1875 ह्या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ ग्रंथ काढले. जातीजातीच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि खाली जात लिहिली. जाहिरातीत वस्तूचं नाव, ग्रंथात जातीचं नाव. माणसाचं नाव कुठं?

आता चपलेची गोष्ट. आम्हाला काम आलं, कोल्हापुरी चपलेची व्हिंटेज जाहिरात. मी वस्तीतल्या चांभारकाकांना स्टुडिओत घेऊन गेले. त्यांचा गटई स्टॉल आहे, पण हयात कोल्हापुरी शिवण्यात गेली. त्यांचा हात कसा? अंगठ्याला रापीचे वळ, नखांत मेण, रंग चपलेच्या चामड्यासारखाच, तोच खोल तपकिरी. मी चपलेवर आरी धरलेला त्यांचा हात टिपला. एका बाजूनं मोठा मऊ उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. काळ्या वस्तूला समोरून उजेड फेकून काही साधत नाही, बाजूनं मोठा उजेड द्यावा लागतो, मग तिच्या अंगावर जी चकाकी उमटते तिच्यातून आकार दिसतो. चामड्याचं तेच, कातडीचं तेच. हात आणि चप्पल एकाच उजेडात उठून दिसले.

फोटो पाहून शिकवणारे म्हणाले, "लाईट मस्त. हात काढ."

मी म्हटलं, "सर, चप्पल ह्या हातानं केलीय."

"ते खरं गं. पण ब्रँडला ऑथेंटिक पाहिजे. मागं वाड्याचा दरवाजा टाक, बाजूला पगडी ठेव. गटई कामगार नको."

काका तिथंच बसले होते. म्हणाले, "पगडीवाल्यानं कवा चप्पल शिवली, बाई?"

ह्या एका प्रश्नात आख्खा व्हिंटेज उघडा पडतो. ऑथेंटिक कोण? कोल्हापुरीला जनावर लागतं. ढोर समाज ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतो, चांभार कापतो, बायका वेणी गुंफतात, चामड्याच्याच वादीनं शिवण पडते. ह्या हातांना गावानं शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं. 2015 साली महाराष्ट्र सरकारनं गोवंश हत्याबंदी बैलापर्यंत ताणली आणि चामडं मिळणं अवघड करून ठेवलं. 2019 साली महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांच्या नावानं चपलेला जीआय मिळाला. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल चालवली आणि आधी तिला नुसती चामडी सँडल म्हटलं. बोंब झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. तेव्हा आपल्याकडचे सगळे अभिमानी पेटून उठले, आमच्या संस्कृतीची चोरी! अरे वा. मिलानवाल्यानं हात कापला तर चोरी, आणि पुण्याच्या स्टुडिओत रोज कापतात ते काय, एडिटिंग?

आणि हे कापणं किती सोपं झालंय! पूर्वी रिटचिंगवाल्याला बारीक ब्रश घेऊन तासभर डोळे फोडावे लागायचे. आता हाताभोवती रेघ मारा, बटण दाबा, मशीन हात पुसतं आणि त्या जागी दरवाज्याची कडी स्वतःच्या मनानं रंगवतं. व्यवस्थेला जे करायला मनुस्मृती लागली ते चार सेकंदांत.

कुणी म्हणेल, पोरी, कॅमेऱ्याला जात नसते. नसते? अमेरिकेच्या कोडॅक कंपनीनं रंगीत फिल्मचे रंग जुळवायला छापखान्यांना एक कार्ड दिलं होतं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिला शर्ली म्हणत. शर्लीची कातडी बरोबर आली की रंग बरोबर. शाळेच्या फोटोत काळी पोरं नुसते डोळे आणि दात होऊन उरायची, त्यांच्या आया तक्रार करायच्या. पण कंपनी हलली ती फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले ओरडले तेव्हा. त्यांना लाकडातल्या छटा वेगळ्या दिसत नव्हत्या, गडद आणि दुधी चॉकलेट एकच दिसत होतं. समजलं? काळ्या लेकरासाठी नाही, चॉकलेटसाठी फिल्म सुधारली. आमच्या स्टुडिओत तेच चालतं. काळ्या चामड्यासाठी अर्धा तास उजेड हलवणाऱ्या माणसाला त्याच रंगाच्या हातासाठी दोन मिनिटं नाहीत.

पण त्याच अमेरिकेत 1970 साली पोलरॉइड कंपनीतल्या दोन काळ्या कामगारांनी, कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स ह्यांनी, आपल्या कंपनीचा झटपट कॅमेरा दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकावरचे फोटो काढायला वापरतात हे पाहिलं आणि कंपनीच्या दारातच लढा उभारला. नोकऱ्या गेल्या. पण 1977 साली पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. ते कामगार कलेचे समीक्षक नव्हते. ज्या यंत्रावर आपलं पोट आहे ते यंत्र कुणाच्या गळ्याला लागतंय, एवढं त्यांनी विचारलं. मीही एवढंच विचारते आहे.

आणि आता घरातलं. आपल्याच पोरांनो, कान इकडे करा. 14 एप्रिलच्या फ्लेक्सवर तुमची थोबाडं दुधासारखी कुणी केली? बामणानं? तुम्हीच फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "जरा उजळ मार." बाबासाहेबांचे गाल गुलाबी करणारे आपल्यातच आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी तीन छटा गोरी करून घेणारी सासू आपल्याच वस्तीत राहते. ते आपल्याला फोटोतून काढतात आणि आपण उरलोच तर स्वतःला धुऊन काढतो. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहिला तो फक्त बिलाचा.

काही शहाणे मला सांगतात, शीक आणि पोट भर, नोकरी लागल्यावर क्रांती कर. पोट मलाही आहे. वस्तूचे फोटो काढूनच ते भरणार आहे. वस्तूशी माझं वैर नाही. वस्तू आम्हीच करतो, कमावतो, शिवतो, वेचतो, तिच्यावर आमच्याइतकं प्रेम कुणाचं असणार? माझं वैर हात पुसण्याशी आहे. ते काम मी हातासकट दिलं. मार्क कमी पडले. पडू देत.

मुंबईत सुधारक ओलवे ह्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस माणूस म्हणूनच दिसेल असे काढले. 2016 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. फोटोतल्या माणसांना काय दिलं, ते गटाराला विचारा. पण आपल्या हातात कॅमेरा आला की काय होऊ शकतं ते त्यांनी दाखवलं. त्याच्या पुढचं काम आपलं.

म्हणून दोस्तांनो, ज्यांच्या हातात कॅमेरा आहे, मोबाईल आहे, फोटोशॉप आहे, त्यांना सांगते. मीटर आपल्या कातडीवर धरून उजेड मोजा. समोरचा पांढरा पडदा जळाला तर जळू दे. काळ्याला काळाच ठेवा, कर्व्हचं खालचं टोक वर ओढू नका. वस्तूचा फोटो काढलात तर करणाऱ्याचा हात फ्रेममध्ये ठेवा आणि त्याला विचारून खाली त्याचं नाव लिहा. जातीचं नको, त्याचं. आणि कुणाला जुनं दिवस दाखवायचेच असतील तर पुरे दाखवा. वाडा दाखवा, वाड्याचं मागचं दारही दाखवा. घंगाळ दाखवा, वरून ओतलेलं पाणीही दाखवा. आमच्या हातांशिवाय तुमचा भूतकाळ उभा राहत नाही. करून पाहा. सगळे हात पुसा आणि मग स्टुडिओत काय उरतं ते मोजा. ना चप्पल, ना तांब्या, ना साबण ठेवायला घासलेली फरशी. नुसता पांढरा पडदा, आणि त्याच्यासमोर पगडी घालून उघड्या पायांनी उभे असलेले तुम्ही.