विंचूदंश, ॲड्रेनर्जिक ग्राहक आणि आपण

भिवापूर परिसरात मिरचीचा तोडा असो वा सरपणाची रास हलविणे असो, विंचू चावलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम गावातील वैद्याकडेच येतो. उमरेडमार्गे नागपूर गाठेपर्यंत दीड-दोन तास जातात. त्या पहिल्या तासात आपण काय पाहतो, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

ठणका जितका अधिक तितके विष अधिक, हा आपला जुना समज. सुश्रुताने कल्पस्थानात विंचवांचे मंद, मध्य व महाविष असे भेद केले. आपण मात्र लेपाने ठणका शमला की निश्चिंत होतो. लाल विंचवाच्या बाबतीत हे घातक ठरते. असह्य ठणका आहे, पण घाम-उलट्या नाहीत, हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा बचावतो. ठणका थोडा, मात्र दरदरून घाम, उलट्या, लाळ, पुरुषांत लिंगोत्थान आणि थंडगार हातपाय, हा खरा भयसूचक रुग्ण.

विषामुळे चेतातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचा रक्तात पूर येतो. भय वा श्रमाच्या प्रसंगी हीच संप्रेरके घटकाभर उपकारक असतात. येथे रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राहक त्यांना प्रतिसाद देऊन वाहिन्या आवळून धरतात, हृदयावरील बीटा-१ ग्राहक त्यास पळवितात. आवळलेल्या वाहिन्यांशी झुंजून हृदय थकते व फुप्फुसांत पाणी साचते.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडी-महाड भागात रुग्णांच्या खाटेशेजारी बसून हे टिपले आणि अल्फा-१ ग्राहक अडविणाऱ्या प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पूर्वी शंभर गंभीर रुग्णांतील तीसएक दगावत. पुढे ते प्रमाण फारच खाली आले. केवळ बीटा ग्राहक अडविणारे औषध दिल्यास अल्फा मोकाट सुटतो, हेही ध्यानी असावे.

ग्राहकांची ही भाषा आपली नव्हे, असे काही वैद्यबंधू म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. घाम आणि थंड हात ओळखणे ही दर्शन-स्पर्शनाचीच परीक्षा आहे. लेपास आमचा विरोध नाही. लेप वाळण्याची वाट पाहण्यास आहे. ही लक्षणे दिसताच दंशाची वेळ व रक्तदाब चिठ्ठीवर लिहावा आणि रुग्णास चालू न देता, प्राझोसिन व विंचूप्रतिविष असलेल्या रुग्णालयात तत्काळ धाडावे. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून औषध शिल्लक आहे ना, एवढे अवश्य विचारावे. हे न विचारल्यामुळे आमच्यापैकी एकास रात्री रुग्णासह दुसऱ्या गावापर्यंत धावावे लागले होते.