बावड्याचे पाणी पुन्हा नदीतच कशाला?

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका



2023च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. पन्नास किलोमीटरहून दूरवरून येणारे हे पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, याची चर्चा मात्र त्या जल्लोषात झाली नाही. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे नियोजनात धरतात. त्यासाठी कसबा बावड्यात रोज 76 दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीत 17 दशलक्ष लिटरचे प्रक्रिया केंद्र आहे. तिथे वीज जाळून पाणी शुद्ध करायचे आणि शेवटी पंचगंगेतच सोडायचे, असा आपला शिरस्ता आहे. नदीवरचा भार त्याने हलका होतो, हे खरे. पण त्याच नदीत बिनप्रक्रियेचे सांडपाणीही मिसळत असेल, तर शुद्धीकरणाच्या खर्चाचा निम्मा लाभ पाण्यातच गेला म्हणायचा. माझी मागणी एवढीच आहे: हे पाणी आणखी एक पायरी शुद्ध करून उद्योगांना विका आणि त्यांचा नदीवरील उपसा तेवढाच कमी करा.

महापुराच्या गावाला पाण्याची काटकसर कसली, असे कुणी विचारेल. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या शहरात हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पुराचे पाणी जुलै-ऑगस्टचे असते, टंचाई एप्रिल-मेची. शिवाय आपल्या खाली, याच नदीच्या काठी, इचलकरंजी आहे. 2012 मध्ये तिथे काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. त्या शहराने मग दूधगंगा नदीवरून सुळकूड पाणी योजना मागितली, तर दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. आपल्या पिकाची काळजी करणाऱ्या त्या शेतकऱ्यांना दोष कसा द्यायचा? दर वेळी नव्या नदीकडे पाइप टाकायचा आणि नवे भांडण ओढवून घ्यायचे, यापेक्षा हाताशी असलेले पाणी दुसऱ्यांदा वापरणे स्वस्त पडेल.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. उन्हाळ्यात बावड्यातून सोडलेले पाणीही नदीच्या प्रवाहाचाच भाग असते; ते उचलले, तर खालच्या गावांच्या वाट्याला काय उरणार? म्हणूनच मी याला अदलाबदल म्हणतो. एखाद्या कारखान्याला रोज लाखभर लिटर पुनर्वापराचे पाणी दिले, तर त्याच नदीवरचा त्याचा तेवढ्याच पाण्याचा उपसा परवाना रद्द झाला पाहिजे. ही अट नसेल तर पुनर्वापर म्हणजे उद्योगांना जादा पाणी आणि नदीला तूट. म्हणून ही अट करारात लेखी हवी, तोंडी आश्वासनावर नको.

हे पाणी कुणी प्यावे असे मी सुचवत नाही. नामिबियातील विंडहोक 1968पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते, पण ते वाळवंटालगतचे शहर; आपली गरज तशी नाही. आपल्याला नागपूरचा कित्ता पुरे: भांडेवाडीचे रोज 130 दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी ठरले आणि वीज कंपनीने त्याचा मोबदला मान्य केला. आपल्याकडे एवढे मोठे एकच गिऱ्हाईक नाही, ही अडचण आहे. पण शिरोलीची औद्योगिक वसाहत बावड्यापासून नदीपलीकडे आहे आणि फाउंड्रीच्या भट्ट्या गार ठेवायला पिण्याजोगे पाणी लागत नाही. बागा, रस्त्यांची कामे आणि इमारतींची बांधकामे यांचीही त्यात भर घालता येईल. रंगाई-धुलाईच्या कारखान्यांना कमी क्षारांचे पाणी लागते, त्यामुळे तिथे खर्च वाढेल. त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

दराचे गणित जमेल की नाही, हे पाण्याच्या प्रतीवर अवलंबून आहे. केंद्र एखादा दिवस बंद पडले आणि उद्योगाच्या टाकीत घाण पाणी गेले, तर गिऱ्हाईक परत येणार नाही. म्हणून निविदेआधी दोन्ही केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे रोजचे निकाल महापालिकेने जाहीर करायला सुरुवात करावी आणि ते निकाल समोर ठेवून शिरोलीतल्या उद्योजकांना चर्चेला बोलवावे. पुढच्या अंदाजपत्रकात या पुढच्या पायरीच्या, म्हणजे तृतीय स्तर प्रक्रियेसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवल्यास या पत्राचे उत्तर मिळाले असे समजेन.

कळावे,
आपला
एक करदाता नागरिक, कोल्हापूर