कीट्सची सुगी

इंग्रजी 'ओड' मराठी माध्यमाच्या मुलांना झेपत नाही, ती नकोच, असं माझे बरेच जुने सहकारी म्हणतात. मला काही ते पटत नाही.

ओड म्हणजे काय हो? एखाद्या गोष्टीला समोर मानून तिच्याशी बोलत केलेली कविता. आपल्याकडे दळणारी बाई जात्याशी बोलायची, पोळ्याला शेतकरी बैलाशी बोलतो. बालकवींची 'निर्झरास' तरी दुसरं काय आहे?

अडचण वेगळीच आहे. 'ऑटम' म्हणजे शरद ऋतू असं आपण फळ्यावर लिहितो आणि मुलांना कोजागरीचं चांदणं आठवतं. कीट्सने सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टरला लिहिलेल्या कवितेत आहेत लगडलेली फळं, कापणी, सफरचंदाचा रस गाळणं. म्हणजे आपली सुगीच की! फेब्रुवारी-मार्चमध्ये घडांनी भरलेला द्राक्षाचा मांडव नारायणगावच्या कुठल्या पोराने पाहिलेला नाही? शहरातल्या मुलांपेक्षा त्याला ही कविता लवकर कळावी.

नाइटिंगेलला 'बुलबुल' म्हणतात, तेही तसंच. आपला बुलबुल दिवसा अंगणात दिसतो. नाइटिंगेल पक्षी वेगळा, तो रात्रीही गातो. नाव आहे तेच ठेवावं. आणि शेलीचा पश्चिम वारा? आमच्याकडे पश्चिमेचा वारा म्हणजे नाणेघाटाकडून येणारा पाऊस. शेलीचा वारा पानगळीचा, पण तोही वादळपाऊस घेऊनच येतो. इथून सुरुवात करता येते.

दहावीच्या इंग्रजीत कवितेचं रसग्रहण असतं : शीर्षक, कवी, यमकयोजना, अलंकार, आशय. मुद्दे वाईट नाहीत. पण ते गाइडातून पाठ होतात. मुलगा 'अपॉस्ट्रॉफी' बिनचूक लिहितो. कोण कोणाशी बोलतंय, विचारलं की गप्प! केशवसुत (१८६६-१९०५) पेशाने शाळामास्तरच. इंग्रजी कविता वाचून त्यांनी चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं. नुसते अलंकार मोजून ते थांबले असते, तर आपल्या हाती काय आलं असतं?

वेळ नाही, असं म्हणतात. पण तयार रसग्रहण उतरवून देण्यात एक तास जातोच ना? तोच तास वापरावा. आधी कविता मराठीत सांगावी, मग इंग्रजीत मोठ्याने वाचावी. कीट्स ती लिहिताना तेवीस वर्षांचा होता आणि पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला, हेही सांगावं. मग मुलांनी विहिरीशी, एसटीशी, टोमॅटोच्या क्रेटशी इंग्रजीत चार ओळी बोलावं. मोडकं बोलले तरी चालेल.

असो. मार्क मिळतीलच. पण खेड्यातल्या पोराला इंग्रजी ही फक्त परीक्षेची आणि साहेबाची भाषा वाटत राहिली, तर ते नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसणार नाही.