आकडे ठाण्याचे, हिशेब मोहल्ल्याचा

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या दिवसापासून आठवडाभर ‘रेझिंग डे’ सप्ताह चालतो. शाळेची मुले रांगेने पोलीस ठाणे बघायला जातात, बंदुका आणि बिनतारी संच पाहतात, हवालदार काकांबरोबर फोटो काढतात. साधारण याच दिवसांत शहरोशहरीची पोलीस आयुक्तालये सरलेल्या वर्षाचा हिशेब मांडतात. किती गुन्हे दाखल झाले, किती उघडकीस आले, किती मुद्देमाल परत केला, किती गुंड तडीपार झाले, किती किलो अमली पदार्थ पकडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा तक्ता छापून येतो. आपण तो वरवर वाचतो आणि पान उलटतो.

यंदा पान उलटू नका. हा तक्ता नीट वाचायला शिकणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. आणि त्यात जे छापलेले नसते ते विचारणे हे त्याहून मोठे काम.

आधी आकड्यांचे पाहू. गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणजे शहर बिघडले, असे लगेच समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच बजावतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या ठाण्यात बायका निर्धास्तपणे तक्रार द्यायला येऊ लागल्या तर तिथले आकडे फुगतील, आणि ते चांगले लक्षण असेल. उलट जिथे तक्रारदाराला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवतात, मोबाइल चोरीला गेला तरी ‘हरवला’ असे लिहून घेतात, तिथला तक्ता फार देखणा दिसेल. तसेच ‘उकल’ आणि ‘दोषसिद्धी’ यांत गल्लत करू नका. उकल झाली म्हणजे पोलिसांना संशयित सापडला. तो गुन्हेगार आहे की नाही हे न्यायालय ठरवते, आणि त्याला अनेक वर्षे लागू शकतात. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, निर्दोष सुटकेची आतल्या पानावर. ही किंमत काय असते, हे आपल्यातल्या बऱ्याच घरांना सांगायला नको.

पण शहर सुरक्षित आहे की नाही हे केवळ या तक्त्यावरून कळत नाही. त्यासाठी भिवंडीकडे पाहावे लागते.

भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या. यंत्रमागांचे, दाट वस्तीचे, हिंदू-मुस्लिम शेजारी राहणारे हे गाव ‘संवेदनशील’ म्हणून बदनाम झाले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी बंदोबस्त वाढवण्याबरोबर एक साधी गोष्ट केली. मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील सामान्य माणसांच्या समित्या उभ्या केल्या आणि त्या भागातल्या साध्या पोलिसांना त्यांच्याशी जोडून दिले. या समित्या केवळ सणासुदीला जमत नव्हत्या. शेजाऱ्याचे भांडण, नळाचे पाणी, भाडेकरूचा वाद अशा रोजच्या प्रश्नांवर त्या बसत. त्यातून हवालदाराला मोहल्ल्यातली माणसे नावाने कळू लागली आणि माणसांना हवालदार कळू लागला.

याची परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलींत ९०० माणसे मेली, आणि पोलिसांच्या काही कृतींत पक्षपात होता, हेही आयोगाने स्पष्ट लिहिले. तिथून काही मैलांवरची भिवंडी मात्र शांत राहिली. गावात राग नव्हता, भीती नव्हती, असे नाही. पण अफवा आली तर ती खरी की खोटी हे विचारायला दोन्ही बाजूंना एक ओळखीचा माणूस होता.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. तत्कालीन आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि कितीतरी स्थानिक कार्यकर्त्यांनी मिळून मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. ज्या वस्त्यांत पोलिसाची गाडी दिसली की दारे बंद होत, तिथे पोलीस आणि रहिवासी एका सतरंजीवर बसू लागले.

मग आज काय उरले आहे? बहुतेक शहरांत ‘शांतता समिती’ आहे. सण जवळ आला की तिची बैठक होते. त्याच त्या खुर्च्यांवर तेच ते चेहरे असतात. माजी नगरसेवक, एखादा बिल्डर, दोन-चार वयस्कर ‘प्रतिष्ठित’. चहा होतो, ‘आपले शहर शांतताप्रिय आहे’ असे भाषण होते, फोटो निघतो. त्या खोलीत पंचविशीच्या आतले किती जण असतात? बायका किती असतात? रिक्षावाला, पॉवरलूमचा कामगार, कॉलेजची मुलगी यांना त्या बैठकीची तारीख तरी कळते का? वार्षिक अहवालात ‘इतक्या बैठका घेतल्या’ असा आकडा येतो. त्या बैठकांत कोण होते, हे येत नाही.

नाते जपले नाही तर काय होते, हेही भिवंडीनेच दाखवले. २००६ मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्या इमारतीसाठी घेतलेल्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ज्या गावाने १९९२ मध्ये पोलीस आणि जनता एकत्र उभे राहू शकतात हे दाखवले होते, तिथे चौदा वर्षांनी वाद झाला तो ठाण्यावरूनच. मेलेले तरुण कोणाची तरी मुले होती आणि मारले गेलेले पोलीसही कोणाची तरी मुले होती. विश्वास एकदा कमावला की कायमचा राहतो, असे नसते. अधिकारी बदलतो, तरुण पिढी बदलते, आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून आयुक्तालयांच्या वार्षिक अहवालात आम्हाला आणखी काही रकाने हवे आहेत. पोलिसांविरुद्ध किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करायला सांगितले, महाराष्ट्रात त्यासाठी कायद्यात दुरुस्तीही झाली. सामान्य माणसाला त्या प्राधिकरणाचा पत्ता ठाण्याच्या भिंतीवर दिसतो का? डिसेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. आपल्या शहरातल्या किती ठाण्यांत ते चालू आहेत? आणि पोलीस दलात आपल्या शहराचे चित्र उमटते का? सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की भारतीय पोलीस सेवेत मुसलमानांचे प्रमाण ४ टक्के आहे. हा प्रश्न सरकारला विचारायचा आहेच. पण भरतीची जाहिरात निघते तेव्हा आपल्या मोहल्ल्यातली किती मुले-मुली पहाटे मैदानावर धावायला जातात, हा प्रश्न आपल्याला स्वतःलाही विचारावा लागेल.

हक्कांची माहिती असली की भीती निम्मी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचे असते. गंभीर, दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या शहरात उपायुक्तांकडे, लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावे लागते. हे अम्मीला सांगून ठेवा, बहिणीला सांगून ठेवा.

आता आपला हिशेब. ठाण्याकडे बोट दाखवताना आपण कोणत्या तक्रारी ठाण्यापर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत, हेही मोजायला हवे. नवऱ्याची मारहाण ‘घरातली गोष्ट’ म्हणून जमातीच्या चार माणसांत मिटवली. गल्लीच्या तोंडाशी एमडी विकणारा पोरगा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते, पण नाव कोणी घेतले नाही. ऑनलाइन फसवणुकीत अब्बांची बचत गेली आणि लाजेपोटी १९३० वर फोनच केला नाही. रात्री दोन वाजता आलेला भडकाऊ व्हिडिओ खातरजमा न करता पुढे ढकलला. हे आकडे कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. पण मोहल्ला असुरक्षित होतो तो यांनीही होतो.

तेव्हा या जानेवारीत एक छोटे काम करा. तीन-चार जण मिळून आपल्या हद्दीतल्या ठाण्यात जा, कसलीही तक्रार नसताना. आपल्या बीटच्या पोलिसाचे नाव विचारा, त्याचा नंबर घ्या, आपला द्या. शांतता समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि तिथे तरुणांना, बायकांना जागा द्या असा अर्ज लिहून पोच घ्या. एखादा अधिकारी तुम्हाला हाकलून देईल, एखादा चहा पाजेल. दोन्ही वेळा तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत आयुक्त आपला तक्ता मांडतील तेव्हा आपल्याजवळही आपली वही असली पाहिजे.