माईकवर मराठी हवी

आई-बाबांनो, ताईंनो आणि दादांनो,

आपल्या वर्गाच्या क्रीडादिनाचे निवेदन इंग्रजीत करायचे आणि मराठी फक्त बक्षिसांच्या वेळी दोन वाक्ये बोलायची, असे पालकांच्या बैठकीत ठरल्याचे आम्हांला कळले. धावत्या वर्णनाला मराठीत शब्द पुरत नाहीत आणि मुलांना ते जमणार नाही, अशी कारणे देण्यात आली. आम्हां मोठ्या गटाला ती मुळीच पटलेली नाहीत.

आधी शब्दांचे बघू. आकाशवाणीवर क्रिकेटचे मराठी वर्णन करणारे बाळ ज. पंडित आजी-आजोबांना नक्की आठवतील. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत हे शब्द घ्या. यातला 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आलेला आहे. इंग्लंडचा खेळ आणि शब्द मात्र तांबड्या मातीतला! आमच्या मते हे शब्द इंग्रजीपेक्षा चांगले आहेत, कारण कानावर पडताच फलंदाज आडवा झालेला दिसतो.

अमेरिकेत रोडिओ नावाचा खेळ असतो. उसळणाऱ्या बैलावर स्वाराने आठ सेकंद टिकून राहायचे. या खेळाचा निवेदक हा पूर्ण वेळचा व्यावसायिक असतो आणि गावोगाव फिरतो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात सुटतो, तोही काही सेकंदांचाच मामला. तेवढ्या वेळात गाडामालकाचे नाव, गाव, बैलांची नावे आणि लागलेले सेकंद सांगायचे, आणि दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात हजारो माणसांना धरून ठेवायचे. हे काम इंग्रजीत करून बघा! सुप्रीम कोर्टाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली. या मधल्या काळात बैलांबरोबर निवेदकांचा माईकही बंद राहिला, याचा विचार कोणी केला का? (शर्यतीत बैलांना त्रास होतो की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. त्यावर पुढच्या अंकात.)

आता जपानचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये माएहाता हिदेको २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहत होती. जपानमध्ये मध्यरात्र होती आणि लोक रेडिओला कान लावून बसले होते. निवेदक कासाई सान्सेई शेवटी वर्णन विसरून नुसते 'माएहाता, गान्बारे!' असे वीसहून अधिक वेळा ओरडले. ती अवघ्या ०.६ सेकंदाने जिंकली. हे काही शिस्तीचे निवेदन नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आजही ते इथे ऐकवले जाते. परक्या देशात आपल्या माणसाला आपल्याच भाषेत हाक मारली, म्हणूनच ते लोकांच्या लक्षात राहिले, असे आम्हांला वाटते.

निवेदनाने खेळसुद्धा बदलतो. १९२८ साली सुमो रेडिओवर आला, तेव्हा पैलवानांच्या तयारीला प्रथमच वेळेची मर्यादा घालावी लागली. नाहीतर कार्यक्रम संपला तरी कुस्ती लागायची नाही!

राहिले आमच्या जमण्याचे. शाळेच्या उंदोकाईत पाचवी-सहावीची मुलेच होसो-इइन असतात. लाल गट पुढे गेला, पांढऱ्यांनो जोर लावा, हे आम्ही सगळ्या शाळेसमोर जपानीत सांगतोच. मराठीत आम्ही अडखळतो, कारण मराठीत आम्हांला नेहमी विचार करून, सावकाश, ताईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. धावणारा मुलगा उत्तरासाठी थांबत नाही. तेव्हा मनातल्या मनात भाषांतर करायला वेळच मिळत नाही, आणि आम्हांला नेमके तेच हवे आहे.

पाहुण्यांना कळणार नाही, हा मुद्दा खरा आहे. पण एनएचके सुमोचे वर्णन इंग्रजीतही देते, त्यासाठी जपानी वर्णन बंद करत नाही. आपणही प्रत्येक शर्यतीनंतर निकाल इंग्रजीत सांगू.

आम्ही तयारी सुरू केली आहे. टीव्हीचा आवाज बंद करून सुमोचे मराठी वर्णन करतो, आणि एकाचे आजोबा फोनवरून चुका काढतात. पुढच्या शनिवारी मधल्या सुट्टीत लिंबू-चमच्याच्या शर्यतीचे वर्णन करून दाखवू. ते ऐकून मग ठरवा. लिंबे आम्ही आणू, चमचे मात्र घरून आणावेत.

— मोठा गट