मोजणीच्या दिवशी झाडं कुठे जातात?

सावद्यात केळीचा भाव फोनवर येतो. पटला नाही तर शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला विचारतो, दोन दिवस थांबून बघतो. भूसंपादनात हे काहीच नसतं. गिऱ्हाईक एकच, भाव तोच ठरवणार, आणि ‘मला विकायचं नाही’ म्हणायची सोय नाही. तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपलेच मित्र लिहितात, ‘पैसे मिळतात ना, मग बोंबलता कशाला?’

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात का? वय ८४. सौरऊर्जा प्रकल्पात सुमारे ५ एकर जमीन गेली, हातात आले ४ लाखांच्या आसपास. घरचे सांगत होते, शेतात आंब्याची ६०० झाडं होती, ती धरलीच नाहीत. शेजाऱ्याला मात्र कोटीच्या वर मिळाले. म्हाताऱ्या माणसाने सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. २२ जानेवारी २०१८ला त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं, २८ला ते गेले. मग फेरमूल्यांकन झालं आणि रक्कम कित्येक पटींनी वाढली. जमीन तीच, शेत तेच! मग आधीचा आकडा कुठून आला होता? पुढच्याच महिन्यात मंत्रालयात कुणी वरून उडी मारू नये म्हणून जाळी बसवली गेली. सरकारला सुचलेली दुरुस्ती ही.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, मला सूत्रं आवडतात. २०१३च्या कायद्यातलं सूत्रही वाचायला छान आहे: मागच्या ३ वर्षांची खरेदीखतं घ्या, त्यातल्या वरच्या निम्म्यांची सरासरी काढा, शेवटी १०० टक्के दिलासा रक्कम द्या. पण मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवतात, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? सरासरी त्याच आकड्यांची निघते. आणि जे झाड, जी विहीर, जी पत्र्याची खोली मोजणीच्या कागदावर आलीच नाही, ती सूत्रापर्यंत पोचतच नाही.

सातबारा असलेल्याची ही गत. मग रस्त्याकडेला पत्र्याच्या घरात राहणाऱ्याचं काय? त्याच्याकडे फार तर घरपट्टीची पावती आणि लाइटबिल. नोटीस येते ती ‘अतिक्रमण’ म्हणून. घराच्या बदल्यात घर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, पण यादीत नाव लागलं तर. राष्ट्रीय महामार्गाला तर सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनातूनही सूट आहे. वस्ती उठल्यावर पोरांची शाळा, बाईची धुण्याभांड्याची कामं कुठे जातील, हे आधी विचारायचं बंधनच नाही.

‘मग रस्ता नको का?’ हवा. आमची केळी रस्त्यानेच जातात. पण संयुक्त मोजणीची यादी, घर-झाड-विहिरीसकट, त्याच दिवशी नगरपालिकेच्या फळ्यावर आणि वेबसाइटवर लावा. हरकतीची पोच द्या. निवाडा त्यानंतर. आखणीला ड्रोन उडवता, त्या ड्रोनला आंबा दिसत नाही?

आणि तुमच्या गल्लीत खुणेचे दगड रोवायला माणसं आली, तर फोन बाहेर काढा. प्रत्येक खोलीचा, झाडाचा, नळाचा तारखेसकट फोटो घ्या. पंचनाम्याची प्रत हातात पडेपर्यंत आजीला अंगठा लावू देऊ नका.